पाळणा आणि माहेर

किती अपत्ये व्हावीत, पहिले केव्हा व्हावे, दोहोंत अंतर किती राखावे आणि थांबावे कोठे, हे प्रश्न मुलगी सासरी गेल्यानंतर पतीच्या आणि सासूच्या विचाराने सुटतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि शासनाचे दप्तरही याच समजुतीवर उभे आहे. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत पात्र जोडप्यांची जी नोंदवही ठेवलेली असते, तिच्यात पतीपत्नींची नावे, दोघांची वये, हयात मुलगे किती, हयात मुली किती, शेवटच्या अपत्याचे वय काय आणि तूर्त कोणते साधन वापरात आहे, यांचे रकाने आखलेले असतात; परंतु त्या स्त्रीची आई कितव्या वर्षी प्रथम बाळंत झाली, ती स्वतः भावंडांत कितवी, तिच्या पाठीवर भाऊ किती मुलींनंतर आला, तिची शाळा कोणत्या इयत्तेत आणि कोणाच्या सोयीसाठी सुटली, यांसाठी तीत जागा नसते. माझ्या मते तिच्या मातृत्वाच्या आराखड्याचा मोठा भाग या न आखलेल्या रकान्यांतच लिहिलेला असतो, आणि सासरी होते ती बहुतांशी त्याची अंमलबजावणी.

हा विचार ज्या गावाच्या निमित्ताने मांडावयाचा ते टेंभुर्णी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील, पुण्याच्या हमरस्त्यावरचे सर्वपरिचित टेंभुर्णी नव्हे, तर जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील त्याच नावाचे गाव होय. पलीकडे बुलढाणा जिल्ह्याची हद्द, त्या हद्दीपलीकडे जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा, आणि अलीकडे कापूस, मका, सोयाबीन यांची पावसाच्या भरवशावरची शेती, असा हा मुलूख आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत तो निजामाच्या अमलाखाली होता, 1956 साली मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. ही राजकीय हकीकत येथे केवळ पार्श्वभूमी म्हणून सांगत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायद्याने 1930 पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय निदान कागदावर तरी चौदा ठरविले. हैदराबाद संस्थानाच्या रयतेला तो लागू नव्हता. पुण्यामुंबईच्या बाजूस मुलींच्या शाळा निघून दोन-तीन पिढ्या लोटल्या तेव्हा मराठवाड्यातील खेड्यांत मुलगी शाळेत जाते ही कल्पनाच नवी होती. आज टेंभुर्णीच्या परिसरात जी मुलगी विशीत आहे तिची पणजी त्या जगात वाढली, आजी त्या पणजीच्या हाताखाली वाढली, आणि आई त्या आजीच्या. म्हणजे चार पिढ्यांची ही साखळी एकाच स्वयंपाकघरात अजून पुष्कळ ठिकाणी हयात आहे. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्यातील पुरुषांची साक्षरता सुमारे 81 टक्के आणि स्त्रियांची सुमारे 61 टक्के भरली, त्या वीस टक्क्यांच्या तफावतीत हा सारा इतिहास सामावलेला आहे.

अपत्यांच्या संख्येपुरते पाहिले तर ही साखळी तुटली आहे, असे कोणीही म्हणेल, आणि ते खरेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, 1992-93 साली, महाराष्ट्रातील स्त्रीला आयुष्यात सरासरी 2.9 अपत्ये होत. 2005-06 साली ती संख्या 2.1 वर आली, आणि 2019-21 च्या पाचव्या फेरीत 1.7 वर. लोकसंख्या जागच्या जागी राहण्यास लागते त्याहून ही कमी आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यांतही दोन लेकरे पुरे, हे वाक्य आता कोणास शिकवावे लागत नाही. परंतु संख्या एकसारखी झाली म्हणून आराखडा एकसारखा झाला असे नव्हे. कोणाची दोन अपत्ये एकोणिसाव्या आणि एकविसाव्या वर्षी होतात, लगोलग शस्त्रक्रिया होते आणि बाविशीत मातृत्वाचे सारे प्रकरण मिटते. कोणाची तीच दोन अपत्ये पंचविशीत आणि तिशीत होतात, मध्ये तांबी बसविलेली असते आणि अंगणवाडीची किंवा आणखी कसली तरी नोकरी सुरू झालेली असते. दोघींच्या नावापुढे आकडा दोनच पडतो. या दोघींत अंतर पाडले ते सासरने क्वचितच. ते पाडले माहेरने.

कुटुंबाकुटुंबांतील हे साम्य शास्त्रज्ञांच्या नजरेस पडूनही आता शतकाहून अधिक काळ लोटला. इंग्लंडात कार्ल पिअर्सन, अ‍ॅलिस ली आणि त्यांचे सहकारी यांनी 1899 साली मातांची आणि मुलींची अपत्यसंख्या ताडून पाहिली, तेव्हा दोहोंत संबंध आढळला, पण अगदी क्षीण. पिअर्सनने त्याचा अर्थ रक्तातील वारसा असा लावला. पुढच्या काळात, पाश्चात्त्य देशांतील जन्मदर खाली आला आणि संततिनियमन प्रत्येकाच्या हाती आले, तसा हा संबंध क्षीण होण्याऐवजी दृढ होत गेल्याचे दिसले. आणि निव्वळ रक्ताने ठरणारी गोष्ट साधने हाती आल्यावर अशी वाढावी, हे समजणे कठीण आहे. ती संस्काराने ठरत असली तर मात्र सहज समजते, कारण निवड शक्य झाल्यावरच संस्काराला वाव मिळतो. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या संस्काराचा एक आर्थिक पैलू दाखविला. त्याचे म्हणणे असे, की तरुण माणूस आपली मिळकत शेजाऱ्याच्या मिळकतीशी ताडत नाही, तर आपण ज्या घरात वाढलो त्या घरातील राहणीशी ताडतो, आणि त्या राहणीहून आपली स्थिती बरी वाटली तर लवकर लग्न करून मुलांना जन्म देतो, उणी वाटली तर थांबतो. जिच्या बापाच्या घरी गॅस आणि मोटारसायकल होती, जी स्वतः जाफराबादला किंवा जालन्याला महाविद्यालयात जात होती, ती सासरच्या तीन एकरांकडे पाहून पहिल्या लेकराच्या इंग्रजी शाळेची फी आधी मोजते आणि दुसऱ्याचा विचार मग करते, हे पाहिले म्हणजे ईस्टरलिनचे म्हणणे समजावयास अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही.

तथापि मराठवाड्यातील खेड्यात कुटुंबाची पार्श्वभूमी मुलीच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविते तो तिच्या भावंडांच्या द्वारे. थोरल्या मुलीचे बालपण पाहावे. आई कापूस वेचावयास किंवा खुरपावयास गेली की धाकट्याला कडेवर घेणे, त्याचे दूध, त्याची आंघोळ, त्याचा ताप, हे सारे आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी पडू लागते ती बहुधा पाठच्या भावंडाच्या जन्मापासून. अशी मुलगी लग्नाच्या आधीच एका अर्थाने आई होऊन बसते, आणि या अनुभवाचे दोन परस्परविरुद्ध परिणाम होताना दिसतात. काहीजणींस लहान मूल सांभाळणे ही एवढी हातची गोष्ट झालेली असते, की लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर त्यांना स्वतःलाच चुकल्यासारखे वाटते. काहीजणी मात्र त्या ओझ्याने अशा शिणलेल्या असतात, की आपल्या मुलीच्या कडेवर मूल देणार नाही असा निश्चय त्या मनाशी करून आलेल्या असतात, आणि दोन अपत्यांवर थांबण्याचा आग्रह घरात त्यांचाच असतो. कोणता परिणाम होईल हे बव्हंशी शाळा किती टिकली यावर अवलंबून असते, असे मला वाटते. ज्या थोरलीची शाळा सातवी-आठवीत सुटली तिला आपल्या अनुभवाहून निराळे बालपण पाहावयास मिळालेलेच नसते. जिची दहावी-बारावीपर्यंत टिकली तिने मैत्रिणींच्या घरी, वाचनात, शिक्षिकेच्या संसारात ते पाहिलेले असते. शेंडेफळ असलेल्या मुलीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या थोरल्या बहिणींची बाळंतपणे तिच्या डोळ्यांदेखत माहेरी झालेली असतात, आणि कोणत्या बहिणीचे हाल लवकर लग्न केल्याने झाले, हे तिला कोणत्याही भिंतीवरच्या घोषणेपेक्षा चांगले ठाऊक असते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत या बाबतीत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी येते आणि सव्वा महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत तेथे राहते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, हे सारे आईच्या देखरेखीखाली चाललेले असते. आणि लग्नानंतर प्रथमच मायलेकींना आता एकमेकींशी बाई म्हणून बोलण्याची मुभा मिळालेली असते. आपल्या वेळी काय झाले, कितव्या लेकराच्या वेळी अंगावरून फार गेले, कोणते मूल दगावले, ऑपरेशन केव्हा केले आणि त्यानंतर कंबर कशी धरली, हे आई याच दिवसांत सांगते. बारशाला सासरची मंडळी आली म्हणजे दुसऱ्या पाळण्याचा विषयही याच घरात निघतो. ज्या माहेरी आईला तोंड असते तेथे ती स्पष्ट म्हणते, "ईनबाई, लेकराला दोन वर्सं तरी दूध मिळू द्या, मंग बघू". ज्या माहेरी तिला तोंड नसते तेथे हे वाक्य मनातच राहते आणि वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या खेपेची बातमी येते. पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यांतील अंतर पुष्कळदा या एका वाक्याने ठरते. आणि नेमक्या याच काळात ही मुलगी शासनाच्या नजरेतून निसटते: नोंद सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या गावी, आणि दोन गावांच्या आशाताईंपैकी पाळणा लांबविण्याविषयी तिच्याशी कोणी बोलावयाचे हे मोघमच राहते. लोहाच्या गोळ्या देणारी यंत्रणा बाजेपर्यंत पोहोचते, तिने त्या आईशीही बोलावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माहेर जवळ असावे की दूर, यालाही या हिशेबात महत्त्व आहे. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचे विभाग पाडून दाखविले, आणि महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या मधला प्रदेश असल्याचे सांगितले. उत्तरेकडे मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. दक्षिणेकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी, म्हणजे ओळखीच्या माणसांत. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. पुढे 1983 साली टिम डायसन आणि मिक मूर यांनी याच भेदावर बोट ठेवून दाखविले, की जेथे विवाहानंतर स्त्रीचे माहेर तिच्या पाठीशी राहते तेथे जन्मदर आणि बालमृत्यू दोन्ही कमी असतात. टेंभुर्णीची लेक पाच-पंधरा कोसांवर भोकरदन, देऊळगाव राजा किंवा चिखली या बाजूंना दिली जाते, सणावाराला एस.टी.ने येते आणि आता रोज फोनवर बोलते. म्हणून येथे माहेरचा शब्द लग्नानंतरही चालतो. तो शब्द शहाणा असला तर त्याचा लाभ होतो, नसला तर हानी, आणि मुलाच्या हव्यासाच्या बाबतीत ही हानी आपण डोळ्यांनी पाहिली आहे.

कारण माहेरून येते ती केवळ अपत्यांची संख्या नव्हे. मुलगा हवाच, ही धारणाही येते. जिच्या आईने चार मुलींनंतर मुलगा होईपर्यंत वाट पाहिली, आणि त्या चारींपैकी जी एक होती, तिला स्वतःचे मोल घरात काय आहे हे न सांगता कळलेले असते. लग्नानंतर ती त्याच भावासाठी वडिलोपार्जित जमिनीवरील हक्कसोडपत्रावर सही करते. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला असतानाही सातबाऱ्यावरील फेरफार मुलींची नावे कमी करूनच होतो; बहिणींची समजूत अशी, की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. जी स्वतःचा हिस्सा सोडते तिने आपल्या पोटी मुलीच असल्या तरी निर्धास्त राहावे, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. 1988 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, तरीही 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात 807 मुली उरल्या होत्या, आणि जालन्याचा आकडाही नऊशेच्या आतच होता. कुटुंब लहान झाले आणि मुलाची आस मात्र तेवढीच राहिली, म्हणजे असे घडते. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येणार नाही, या नियमाने अपत्यसंख्येचे बंधन गावपुढाऱ्यांपर्यंत पोहोचविले; मुलीविषयीची धारणा बदलण्याचे सामर्थ्य त्या नियमात नव्हते.

आता लग्नाचे वय. पाचव्या आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वर्षांच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा पुरी होण्यापूर्वी झाले होते त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, शेजारच्या परभणीत 48, बीडमध्ये 44 च्या आसपास, आणि जालन्यातही राज्याच्या सरासरीहून बरेच वर आढळले. याचे खापर अज्ञानावर फोडणे सोपे असते. परंतु ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाची अडचण जवळून पाहिली म्हणजे वेगळेच चित्र दिसते. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, ती पाडव्याच्या मागेपुढे परतते. मधल्या पाच-सहा महिन्यांत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवावी तर तिच्या सुरक्षिततेची चिंता, बरोबर न्यावी तर फडाशेजारच्या कोपीत दार नाही. तेव्हा तिचे लग्न करून टाकणे हा बापाला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो, आणि मुलाच्या बापाला त्यातून एक नवा कोयता मिळतो. अशा मुलीला मातृत्वाचा आराखडा असा नसतोच. असतो तो हंगाम. लेकरे लवकर आटोपली म्हणजे कामात खाडा पडत नाही, म्हणून विशीच्या सुरुवातीलाच नसबंदी होते, आणि 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची जी हकीकत उजेडात आली ती याच वाटेच्या पुढच्या टप्प्यावरची आहे. त्या वेळी सारे राज्य हळहळले; माझ्या मते ती हळहळ त्या स्त्रियांच्या चौदाव्या वर्षाविषयी असावयास हवी होती.

या सर्व प्रकरणात पुरुष कोठे आहे, असे कोणी विचारील. महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुष-नसबंदीचे प्रमाण मात्र एका टक्क्याचेही नाही. 1976 साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपलेच. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले, पण त्या वर्षाची दहशत आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे आली. पुरुषाच्या मनातील हा नकारही घरातूनच मिळालेला आहे.

घरचा अनुभव माणसास उलट दिशेनेही नेऊ शकतो, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. र. धों. कर्वे नऊ वर्षांचे असताना, 1891 साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. त्याच मुलाने 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, प्राध्यापकाची नोकरी गमावली, 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, आणि पतीपत्नींनी विचारपूर्वक स्वतःस अपत्य होऊ दिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या आईबापांचे चौदावे अपत्य. पाच-सहा वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली, आणि पुढे रमाबाईंच्या पोटची चार मुले त्यांनी लहानपणीच गमावली. 'समाजस्वास्थ्या'वर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले, आणि नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या वतीने प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. परंतु या दोघांस जे बळ मिळाले ते केवळ दुःखाने नव्हे. दुःख तर त्या काळी घरोघर होते. त्या दुःखाचा विचार करता येईल एवढे शिक्षण त्यांना मिळाले होते, हा फरक होय.

तसा फरक टेंभुर्णीच्या मुलीच्या बाबतीत घडवून आणावयाचा तर तो चौदा ते अठरा या चार वर्षांतच घडवावा लागेल. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतची, म्हणजे आठवीपर्यंतची, हमी देतो आणि नेमका धोका सुरू होतो तेथे थांबतो. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाखाली केवळ विद्यार्थिनींसाठी गाड्या सोडल्या जातात. त्या गाड्या जेथे वेळेवर येतात तेथे अकरावी-बारावीच्या वर्गांत मुली टिकतात, आणि जेथे संध्याकाळची फेरी चुकते तेथे दोन-तीन महिन्यांतच बाप शाळा बंद करतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. तिच्या मुलींच्या वसतिगृहांत बारावीपर्यंतच्या मुलींना सर्वांत आधी जागा मिळावी, आणि ती दिवाळीच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी मिळावी. कारण उचल घेतल्यावर बापाला मुलीच्या मुक्कामाचा निर्णय आठ-पंधरा दिवसांत करावा लागतो, आणि वसतिगृहाचा प्रवेश त्यानंतर झाला तर तोवर स्थळ पक्के झालेले असते.